आईबाप : उपचारातील सहकारी
डॉ. एरिक शॉप्लर यांचे स्वमग्नतेविषयीचे कार्य

मूल तीन वर्षांचे झाले तरी बोलत नाही. हाक मारली असता वळून पाहत नाही. इतर मुलांत न मिसळता एखादे चाक तासन् तास फिरवीत बसते. नित्याच्या क्रमात थोडा बदल झाला तरी आकांत करते. अशी लक्षणे एकत्रितपणे आढळणाऱ्या अवस्थेस स्वमग्नता अथवा ऑटिझम म्हणतात. अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांच्या निरीक्षणावरून या अवस्थेचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले.

तथापि, कारणांचा शोध घेताना पुढे एक मोठा अन्याय घडला. आईच्या मायेत ओलावा नसल्यामुळे मूल स्वतःच्या कोशात शिरते, असे मत प्रचलित झाले. शिकागो येथील ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाने या मतास बळ दिले. मुलास घरापासून दूर संस्थेत ठेवावे, हा उपाय त्यातूनच पुढे आला. आधीच चिंतेने ग्रासलेल्या मातांच्या माथी अपराधाचा कलंकही लागला.

या मतास प्रयोगाच्या आधारे आव्हान देणाऱ्यांत मानसशास्त्रज्ञ डॉ. एरिक शॉप्लर हे प्रमुख होत. त्यांचा जन्म १९२७ साली जर्मनीतील फ्युर्ट येथे झाला. नाझी राजवटीत त्यांच्या ज्यू कुटुंबास देश सोडून अमेरिकेत आश्रय घ्यावा लागला. शिकागो विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेट मिळविली. दृष्टी आणि स्पर्श या संवेदनांचा अशी मुले कसा वापर करतात, हा त्यांच्या आरंभीच्या अभ्यासाचा विषय होता. दोष मायेत नसून, संवेदना ग्रहण करण्याच्या व समजून घेण्याच्या वेगळेपणात आहे, ही त्यांची भूमिका त्यातून दृढ झाली.

१९६० नंतरच्या दशकात नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात डॉ. रॉबर्ट राइक्लर यांच्या सहकार्याने त्यांनी नवा प्रयोग आरंभिला. एका बाजूनेच आरपार दिसेल अशा काचेआड बसून आईवडील प्रशिक्षकाचे काम पाहत. नंतर ते स्वतः मुलास शिकवीत व प्रशिक्षक पाहत असे. तेच पाठ मग घरी चालू राहत. या अनुभवावर आधारलेला त्यांचा निबंध १९७१ साली प्रसिद्ध झाला. त्यात आईवडिलांस सहउपचारक मानले होते. मुलास मोकळे सोडण्यापेक्षा आखीव रचनेत शिकविल्यास ते अधिक लक्ष देते, हेही त्याच सुमारास त्यांनी दाखवून दिले.

ही आखणी अगदी साधी आहे. दिवसभराची कामे चित्रांच्या रूपाने क्रमाने लावावयाची. प्रत्येक कामाची जागा निश्चित ठेवावयाची. करावयाचे काम डाव्या टोपलीत व पूर्ण झालेले उजव्या टोपलीत ठेवावयाचे. शब्दांपेक्षा डोळ्यांना दिसणारे अनेक मुलांना लवकर उमगते. पुढे काय होणार हे कळल्याने त्यांची अस्वस्थताही कमी होते.

१९७२ साली नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून हा प्रयोग ‘टीच’ या नावाने राज्यव्यापी केला. विभागीय केंद्रे व शाळांतील वर्ग यांची सांगड घातली गेली. कायद्यासाठी खुद्द पालकांनी प्रयत्न केले होते, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. डॉ. शॉप्लर २००६ साली निवर्तले.

स्वमग्नता ही मेंदूच्या विकासाशी निगडित असून तीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे आता सर्वमान्य झाले आहे. ती औषधाने नाहीशी होत नाही. परंतु योग्य शिक्षणाने मूल बरेच काही आत्मसात करू शकते. आपल्या देशात १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात स्वमग्नतेचा समावेश झालेला आहे.

वर्गात अथवा गावात असे मूल आढळल्यास शिक्षकांनी व ग्रामस्थांनी आईस बोल लावू नये. अंगारेधुपारे करण्यात काळ न दवडता प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांचा अथवा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घेण्यास पालकांना प्रवृत्त करावे. त्या मुलास कशाने आनंद होतो व कशाने त्रास होतो, हे त्याच्या आईइतके कोणी जाणत नाही. म्हणून त्याच्या शिक्षणाची आखणी करताना पहिला प्रश्न तिलाच विचारला पाहिजे.