शून्य खरंच तिथेच आहे का?

साध्या एन्कोडरच्या सीएनसी मिलिंग मशीनला वीज आल्यावर आपण कुठे आहोत हे कळत नाही. म्हणून टेबल होम स्विचपर्यंत सरकतं, मग एन्कोडरची खूण सापडली की तिथे शून्य धरतं. हे शून्य दरवेळी तेच येतं का? मॅग्नेटिक स्टँडवर मायक्रॉनचा डायल लावा, टेबल दूर नेऊन पुन्हा होम करा, दहा वाचनं लिहा. काही मायक्रॉनचा फरक चालतो. जास्त असेल तर आधी स्विचवरचा बर झाडा.

खरी गंमत नेमक्या 5 मिलिमीटरच्या चुकीत. मोटरला थेट जोडलेल्या बॉलस्क्रूची पिचही तेवढीच असेल, तर स्विच खुणेला अगदी खेटून बसलाय. कधी ही खूण सापडते, कधी पुढच्या फेऱ्याची. स्विच अर्ध्या फेऱ्याइतका सरकवा. आणि हो, पहिलं होमिंग डायल न लावताच करा, नाहीतर डायल मोडेल.