महाविद्यालयीन संगणकजाल : स्विचवरील वाहतूकगणनेची अचूकता

प्रस्तावना :
पुण्याच्या नैर्ऋत्येस सिंहगड रस्त्यालगतच्या धायरी-नऱ्हे परिसरात गेल्या काही दशकांत महाविद्यालये व वसतिगृहे वाढली. अशा संस्थांत ग्रंथालय, प्रयोगशाळा, कार्यालय व वसतिगृह बहुधा एकाच संगणकजालावर अवलंबून असतात. इंटरनेट जोडणी वाढवावी किंवा नाही, हे स्विचवरील नोंदींच्या आलेखावरून ठरते. आलेखच सदोष असल्यास विद्यार्थ्यांची रास्त तक्रारही निराधार ठरते.

दोषाचे स्वरूप :
स्विचच्या प्रत्येक पोर्टवरील काउंटर वेग मोजत नाही. तो केवळ बाइटची एकूण संख्या वाढवीत जातो. एसएनएमपीद्वारे दोन वेळा घेतलेल्या वाचनांतील फरकास कालावधीने भागले असता सरासरी वेग मिळतो. १९९१ च्या प्रमाणातील हा काउंटर ३२ बिटांचा आहे. ४,२९,४९,६७,२९५ या संख्येनंतर तो पुन्हा शून्यावर येतो. पूर्ण भरलेल्या १० मेगाबिट जोडणीवर त्यास सुमारे ५७ मिनिटे लागतात. १ गिगाबिट जोडणीवर अवघे ३४ सेकंद.

समजा, १ गिगाबिट जोडणीवर सेकंदास ९०० मेगाबिट वाहतूक आहे व वाचन दर पाच मिनिटांनी होते. या अवधीत ३,३७५ कोटी बाइट जातात, म्हणजे काउंटरचे सात पूर्ण फेरे होतात. ते निसटल्यामुळे आलेखावर केवळ ९८ मेगाबिट दिसतात. जोडणी तुडुंब भरलेली असता ती जवळजवळ रिकामी भासते.

उपाय व मर्यादा :
१९९४ पासून प्रमाणात ६४ बिटांचे काउंटर आले. १ गिगाबिट वेगाने त्यांचा फेरा पूर्ण होण्यास चार हजारांहून अधिक वर्षे लागतील. मात्र एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीस ते वाचता येत नाहीत. त्यासाठी दुसरी वा तिसरी आवृत्ती आवश्यक ठरते.

तरीही दोन मर्यादा उरतात. स्विच पुन्हा सुरू झाल्यास गणना शून्यापासून आरंभते व आलेखात खोटा उंच सुळका उमटू शकतो. तसेच इथरनेटच्या प्रत्येक फ्रेमसोबत तारेवर जाणारा २० बाइटइतका पूर्वसंकेत व विराम गणनेत येत नाही. म्हणून ६४ बाइटच्या लहान फ्रेमनी पूर्ण भरलेली जोडणीही ७६ टक्केच दिसते.

निष्कर्ष :
जोडणीविषयी निर्णय घेण्यापूर्वी काउंटर किती बिटांचा आहे व वाचन किती अंतराने होते, हे तपासावे. ज्ञात आकाराची फाइल पाठवून नोंद पडताळणे प्रत्येक महाविद्यालयास सहज शक्य आहे.