कुत्रीची जोड लावण्यापूर्वी तपासणी

पैनगंगेकाठी बेला-जैनथकडे कापूस, तूर, ज्वारी रानडुकरांपासून राखायची तर कुत्रे हवेच. चांगल्या राखणदार कुत्रीची पिल्ले सोयरेधायरे आधीच सांगून ठेवतात. बैल घेताना आपण दात, खूर, चाल सारे पाहतो. कुत्रीजवळ कोणता कुत्रा आला, हे मात्र कोणी पाहत नाही.

पहिली भीती गाठीच्या रोगाची. हा एक प्रकारचा कॅन्सर असून तो संगातून एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातो. रोगी जनावराच्या जिवंत पेशीच दुसऱ्याच्या अंगात रुजतात. योनीत किंवा शिस्नावर फुलकोबीसारखी लाल गाठ येते आणि रक्त ठिबकते. घरच्यांना वाटते, कुत्री माजावर आली आहे. फरक असा, की माजाचे रक्त साधारण आठ-दहा दिवसांत थांबते आणि माज वर्षातून बहुधा दोनदाच येतो. रक्त महिनाभर चालूच राहिले, तर गाठीची शंका घ्यावी. नर कुत्र्याला माज नसतोच. त्याचे रक्त दिसले की लगेच दाखवावे. अशा जनावराला गावाबाहेर सोडू नका, ते रोग आणखी पसरवील. डॉक्टर आठवड्याला एक याप्रमाणे व्हिन्क्रिस्टिनची इंजेक्शने देतात. चार ते सहांत बहुतेक जनावरे बरी होतात. हे औषध जहाल आहे, घरी टोचायचे नाही.

दुसरा रोग ब्रुसेला. कुत्री सुमारे ६३ दिवसांनी विते. या रोगात दीड महिना उलटल्यावर गर्भ पडतो. वरून नर-मादी धडधाकट दिसतात, म्हणून रक्ताचीच तपासणी लागते. ती तालुक्याच्या ठिकाणी होतेच असे नाही. नमुना कोठे पाठवायचा ते पशुवैद्यांना विचारा. पडलेला गर्भ उघड्या हाताने उचलू नये, हा रोग माणसालाही होतो. गरोदर बाईने तर जवळ जाऊच नये.

नराचे दोन्ही अंड खाली उतरलेले असावेत. एकच असेल तर तो दोष पिल्लांत उतरतो. बाप-लेक, भाऊ-बहीण अशी जोड टाळा. अल्सेशियनसारखी मोठी जात असेल तर दोन वर्षांनंतर खुब्याचा एक्स-रे काढून घ्यावा. गावठी कुत्र्याला एवढे लागत नाही, चाल पाहिली तरी पुरे.

कुत्री पहिल्या माजाला लावू नका, दीड-दोन वर्षांची होऊ द्या. पिसाळीची लस व जंताचे औषध जोडीआधीच द्यावे, कारण जंत पोटातूनच पिल्लांत जातात. माजाचे सुमारे तीन आठवडे तिला बांधून ठेवा. दोर मात्र चावून तुटतो, साखळी बरी.