सोन्याच्या खाणीचे गाव

हुपरीत चांदी रोज दिसते. ती मुशीत वितळते, तिची तार होते, तारेचे पैंजण होतात. पण आपल्या गावात चांदीची खाण नाही. चांदी बाहेरून येते. आपली असते ती हाताची कला. ज्या गावात जमिनीतूनच सोने निघत होते, त्या गावाचे काय झाले ते आता पाहू.

हे गाव कर्नाटकात आहे. नाव कोलार गोल्ड फील्ड्स. लोक त्याला के. जी. एफ. म्हणतात. मिरजेहून रेल्वेने बेंगळुरू गाठावे. तेथून बंगारपेटवरून मारिकुप्पमला जावे. मारिकुप्पम हे शेवटचे स्टेशन. आम्ही तेथे उतरलो.

पहिल्यांदा दिसतात त्या करड्या मातीच्या टेकड्या. या टेकड्या देवाच्या नव्हेत, माणसाच्या. दगडातले सोने सहसा डोळ्यांना दिसत नाही. दगड फोडायचा, दळून त्याचे पीठ करायचे. मग सायनाइडच्या पाण्यात सोने विरघळवून घ्यायचे. सायनाइड म्हणजे जहाल विष, बरे का! उरलेले पीठ बाहेर टाकायचे. त्याचेच हे ढीग. वारा सुटला की धूळ घराघरांत शिरते.

१८८० साली जॉन टेलर या इंग्रज कंपनीने येथे काम सुरू केले. १९०२ साली शिवनसमुद्रावरून खाणीसाठी वीज आली. बेंगळुरूच्या रस्त्यांवर दिवे लागले ते नंतर, १९०५ साली. साहेबांना बंगले आणि क्लब होते. मजूर बहुतेक तमिळ मुलखातले. ते तट्ट्यांच्या झोपड्यांत राहत.

खाण खाली खाली जात तीन किलोमीटरच्या पुढे गेली. आपली विहीर साठ-सत्तर फूट धरा. तशा दीडशे विहिरी एकाखाली एक! तेथे खडकच इतका तापलेला, की थंड हवा आत सोडावी लागे. कधी खडक दाबाने तोफेसारखा फुटे आणि माणसे गाडली जात. दगडाची धूळ छातीत बसून कितीकांचे फुप्फुस निकामी झाले. आपण तोळ्याचा भाव विचारतो. हा भाव कोण विचारतो?

शेवटी टनभर दगडातून काही ग्रॅमच सोने निघू लागले. खर्च भागेना. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद झाल्या.

ऑस्ट्रेलियात बॅलरॅट येथे १८५१ साली सोने सापडले. तेथे १९७० पासून जुन्या वस्तीसारखे गाव उभारून ठेवले आहे. लोक तिकीट काढून पाहतात. कोलारला तसे काही नाही. तेथे खाणकामगारांची मुले-नातवंडे अजून राहतात. रोज भल्या पहाटे डबा घेऊन ती मारिकुप्पमची गाडी धरतात, बेंगळुरूला कामाला जातात, आणि रात्री परत येतात.