लिलावातील घर घेण्यापूर्वी

कर्जफेड थांबल्यामुळे बँकेने ताब्यात घेतलेले घर बाजारभावापेक्षा स्वस्त दिसले, तरी २००२ च्या सरफेसी कायद्यान्वये होणारा लिलाव ‘जसे आहे, जेथे आहे’ या तत्त्वावर होत असल्याने, त्या मिळकतीचे गुणदोष खरेदीदाराच्याच पदरी पडतात, हे प्रथम ध्यानी घ्यावे. जाहिरातीत ताबा ‘सांकेतिक’ म्हटला आहे की ‘प्रत्यक्ष’, हे अवश्य वाचावे; कारण दारावर बँकेची नोटीस डकवलेली असूनही आत कुटुंब नांदत असेल, गॅलरीत लहानग्यांचे कपडे वाळत असतील, तर ते घर रिकामे होईपर्यंत किती काळ जाईल, याची शाश्वती कोणी देत नाही. म्हणून स्थळाची पाहणी समक्ष करावी, दुय्यम निबंधकांच्या दप्तरी ३० वर्षांचा शोध घ्यावा आणि गृहनिर्माण संस्थेची व घरपट्टीची थकबाकी लेखी विचारून घ्यावी. बोली मंजूर होताच बयाण्यासह २५ टक्के रक्कम त्याच दिवशी, फार तर पुढील कामाच्या दिवशी भरावी लागते, व उर्वरित रक्कम सामान्यतः विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. त्यात कसूर झाल्यास भरलेली रक्कम जप्त होते. सबब, पैशांची तजवीज आधी करूनच बोली बोलावी. आणि एवढी शहानिशा करूनही मन निःशंक होत नसेल, तर स्वस्ताईचा मोह आवरावा, हेच श्रेयस्कर.