टेहळणीच्या मनोऱ्यांचे शहर : कादिस

स्पेनच्या नैर्ऋत्येस अटलांटिक महासागरात शिरलेल्या चिंचोळ्या भूपट्टीच्या टोकावर वसलेले कादिस हे पश्चिम युरोपातील सर्वांत जुन्या शहरांपैकी एक मानले जाते. आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरून आलेल्या फिनिशियन या दर्यावर्दी व्यापाऱ्यांनी ते वसवले. परंपरेनुसार ही घटना इ.स.पू. ११०० च्या सुमारास घडली असली, तरी उत्खननात सापडलेले अवशेष त्यानंतरच्या काही शतकांचे आहेत. येथील संग्रहालयातील दोन फिनिशियन शवपेटिका आवर्जून पाहाव्यात, कारण मानवाकृती कोरलेल्या या संगमरवरी पेटिकांपैकी पुरुषाची १८८७ मध्ये आणि स्त्रीची १९८० मध्ये, म्हणजे जवळजवळ शतकभराच्या अंतराने, याच शहराच्या भूमीतून वर आली. प्राचीन रोमन नाट्यगृहाचा शोधही १९८० मध्येच लागला. तोवर ते घरांखाली गाडलेले होते.

तथापि आजच्या जुन्या शहराला त्याचे रूप दिले ते अठराव्या शतकाने. अमेरिकेतील वसाहतींशी चालणाऱ्या व्यापाराचे नियंत्रण करणारी सरकारी संस्था १७१७ मध्ये सेव्हिलहून येथे हलवण्यात आली आणि कादिस हे त्या व्यापाराचे मुख्य बंदर बनले. तिन्ही बाजूंना समुद्र असल्यामुळे शहराला पसरण्यास जागा नव्हती, म्हणून श्रीमंत व्यापाऱ्यांनी आपल्या घरांच्या गच्च्यांवर मनोरे चढवले आणि आपले जहाज परतले की नाही, हे ते तेथून दुर्बिणीने पाहू लागले. असे शंभराहून अधिक मनोरे आजही टिकून आहेत. त्यांपैकी ताविरा हा १७७८ मध्ये बंदराचा अधिकृत टेहळणी मनोरा ठरला. त्याच्या एका अंधाऱ्या खोलीत छतावरील आरसा आणि भिंग यांच्या साहाय्याने बाहेरचे दृश्य वाटोळ्या पांढऱ्या पडद्यावर उतरवले जाते, आणि गच्चीवर वाळत घातलेले कपडे वाऱ्याने हलताना, समुद्रपक्षी घिरट्या घालताना त्या पडद्यावर जसेच्या तसे दिसतात. शहराची रचना समजून घेण्यास याहून चांगले ठिकाण नाही. म्हणून भटकंतीचा आरंभ येथूनच करणे श्रेयस्कर.

पिवळ्या घुमटाच्या कॅथीड्रलचे, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चचे, बांधकाम १७२२ मध्ये सुरू झाले आणि १८३८ पर्यंत रेंगाळले. त्यामुळे त्याच्या भिंतींत निरनिराळ्या रंगांचे दगड आणि निरनिराळ्या शैली एकत्र आलेल्या दिसतात. त्याच्या तळघरात संगीतकार मानुएल दे फाया यांची समाधी आहे. सान फेलिपे नेरी या प्रार्थनामंदिराचे महत्त्व निराळे आहे. नेपोलियनच्या फौजांनी शहराला वेढा घातलेला असताना स्पेनचे प्रतिनिधी तेथे जमले होते आणि १९ मार्च १८१२ रोजी घोषित झालेल्या स्पॅनिश संविधानावरील चर्चा त्याच वास्तूत झाल्या.

दुपारी मध्यवर्ती मंडईत ताजी मासळी पाहून, बारीक कोळंबी घातलेल्या बेसनाच्या कुरकुरीत धिरड्यांची, अर्थात ‘तोर्तियितास दे कामारोनेस’ची चव घ्यावी आणि दोन किल्ल्यांच्या मधल्या ला कालेता या लहानशा पुळणीकडे वळावे. सेव्हिलहून रेल्वेने दोन तासांच्या आत येथे पोहोचता येत असल्याने अनेक पर्यटक संध्याकाळीच परततात, पण ला कालेताचा सूर्यास्त थेट महासागरात होतो आणि त्यानंतरच येथील चौक खऱ्या अर्थाने भरतात. म्हणून वाचकांनी कादिसमध्ये किमान एक रात्र मुक्काम अवश्य करावा.