ओपिऑइडजन्य बद्धकोष्ठता

ओपिऑइडजन्य बद्धकोष्ठता म्हणजे मॉर्फीन, कोडीन, ट्रामाडॉल यांसारख्या अफूवर्गीय वेदनाशामकांमुळे उद्भवणारा किंवा वाढणारा मलावरोध होय. कर्करोगासारख्या आजारांत ही औषधे दीर्घकाळ घेणाऱ्या रुग्णांमध्ये हा दुष्परिणाम वारंवार आढळतो. त्रास असह्य झाल्याने काही रुग्ण वेदनाशामकाची मात्रा स्वतःहून घटवतात. परिणामी वेदना पुन्हा बळावतात.

कारणे

मेंदू व मज्जारज्जूप्रमाणेच आतड्यांच्या भित्तिकेतील चेताजालातही म्यू-ग्राही असतात. औषध त्यांना जोडले गेल्यावर आतड्यांच्या पुढे ढकलणाऱ्या हालचाली मंदावतात, पाचक स्राव घटतात आणि गुदद्वाराच्या स्नायूचा ताण वाढतो. मळ आतड्यात अधिक काळ राहिल्याने त्यातील पाणी शोषले जाऊन तो कठीण होतो. मळमळ व गुंगी बहुधा काही दिवसांत ओसरतात; बद्धकोष्ठता मात्र औषध चालू असेपर्यंत सहसा टिकून राहते.

लक्षणे

आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा शौचास होणे, कुंथावे लागणे, मळ खड्यासारखा होणे आणि पोट पूर्ण साफ न झाल्याची भावना ही प्रमुख लक्षणे आहेत. गुदाशयात मळाचा खडा अडकल्यास त्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो. हा अतिसार समजून जुलाब थांबवण्याचे औषध दिल्यास अवरोध अधिक वाढतो.

प्रतिबंध व उपचार

वेदनाशामकासोबतच पहिल्या दिवसापासून रेचक सुरू करण्याची शिफारस सामान्यतः केली जाते. सोनामुखी किंवा बिसाकोडिल ही रेचके आतड्यांच्या हालचालींना चालना देतात, तर लॅक्टुलोज व पॉलिइथिलीन ग्लायकॉल मळात पाणी धरून ठेवतात. पुरेसे पाणी आणि झेपेल तेवढी हालचाल यांचा उपयोग होतो. तथापि केवळ तेवढ्याने हा त्रास सहसा दूर होत नाही. इसबगोलासारखी मळाचे आकारमान वाढवणारी रेचके सहसा टाळली जातात. आतडे मंदावलेले असताना व पाणी कमी पडल्यास त्यांमुळे अवरोध होऊ शकतो.

रेचके अपुरी पडल्यास वेदनाशामक बदलणे किंवा परिघीय ग्राहीरोधक औषधे देणे हे पर्याय असतात. मिथाइलनाल्ट्रेक्सोन (अमेरिकेत मान्यता २००८) व नालोक्सेगॉल (२०१४) ही अशी औषधे होत. ती मेंदूत फारशी पोहोचत नसल्याने वेदनाशमन बहुतांशी अबाधित राहते. आतड्यात अवरोध असल्यास ती वर्ज्य आहेत.

पोट फुगणे, उलट्या, तीव्र पोटदुखी किंवा वायूही न सरणे ही आंत्रावरोधाची लक्षणे असू शकतात. अशा वेळी रेचक न घेता तातडीने वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते.